अडलेले बोल्ट आणि घनसाळची खीर

सणवार नसताना घरात खिरीचा वास सुटला, की मी आजही पातेल्यात बघत नाही. आधी माणसांच्या तोंडांकडे बघते. कुणाचं तरी मन कुणाला तरी खात असतं, आणि त्यावर आमच्या घराण्यात एकच उतारा ठाऊक आहे: दूध आटवायचं, तांदूळ भाजायचे, वेलदोडा कुटायचा. सुना मला हसतात. परवा धाकटीने आपली सहज म्हणून खीर केली, तर मी तिला विचारलं, "काय फोडलंस?" बिचारी रडकुंडीला आली. माझी लोणच्याची चिनीमातीची बरणी फोडली होती. सांगायचा मुद्दा हा की माझं नाक सहसा चुकत नाही, आणि ते तयार केलं माझ्या आत्तीने.

महाराजांचं राज्य होतं. कोल्हापुरात रस्त्याने घोडे, बैल, हत्ती आणि पैलवान चालत, आणि या सगळ्यांना बाजूला सारत अधूनमधून एक फटफटी जाई. ती आमच्या सरकारांची. आमचे सरकार म्हणजे एक इनामदार. त्यांच्या वाड्यामागे जी पागा होती, तिचा अर्धा भाग रिकामा करून मोटारखाना केलेला. आबा, म्हणजे माझे वडील, पूर्वी सरकारांच्या घोडागाड्यांचे मिस्त्री. घोडे गेले, फटफटी आली, आणि आबा एका रात्रीत इंजिनाचे मिस्त्री झाले. पागेला लागूनच आमचं घर. घोडे जाऊन दोन पावसाळे झाले तरी भिंतींना लिदीचा वास होता, आणि त्यात आता पेट्रोलचा मिसळला होता. आई म्हणायची, दोन्ही वास एकदम घेतले की पोटात ढवळतं. मला तर तो अत्तरासारखा वाटायचा. फटफटी सुरू होताना आधी खोकायची, मग शिंकायची, मग एकदम फटफटफट करत अख्ख्या गल्लीतली कुत्री उठवायची. मी तिची हुबेहूब नक्कल करायचे. नक्कल हा माझा धंदाच होता म्हणा ना. सरकारांचं मिशा चावत बोलणं, आबांचं ओरडणं, आईचं कपाळावर हात मारणं. परकर खोचून मी उभी राहिले की शेजारपाजारच्या बायका कामं टाकून बसायच्या. मार मिळायचा तोही त्याच खात्यावर.

आत्ती आबांची थोरली बहीण. आजऱ्याकडे दिली होती. नवरा स्वार होता. नवा घोडा आला, त्यावर तो पहिल्याच दिवशी बसला, आणि घोड्याने त्याला दगडावर टाकला. आत्ती परत आली ती रिकाम्या कपाळाने. सासरचं तिला एवढंच उरलं होतं की दरसाल आजऱ्याहून तिच्या नावाचा घनसाळ तांदूळ यायचा, एक लहानसं पोतं. तो शिजायला लागला की वास थेट पागेपर्यंत जाई. आत्ती तो स्वतःसाठी कधी शिजवत नसे. ती फार बोलतही नसे. मात्र एक गोष्ट मी तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकली होती: "त्या घोड्याला कुणी शेंदूर लावला न्हवता. तसंच बसलं." आबा फटफटी तपासायला रंकाळ्यापर्यंत पळवून आणत, तेवढा वेळ ती उंबऱ्यावर बसून राही. फट्‌ फट्‌ परत ऐकू आली की उठून आत जाई.

राहिले इमामचाचा. शिकलगाराचं घर, वाडवडील तलवारींना धार लावणारे. आबांचे लहानपणचे दोस्त, म्हणून आबांनी त्यांना मोटारखान्यात आणलं. आबांच्या अंगात रेड्याची ताकद आणि इमामचाचांच्या बोटांत सुईणीचा हलकेपणा. दोघे मिळून एक पुरा मिस्त्री व्हायचे. चाचा बोल्ट आवळताना डोळे मिटत. मी त्यांची नक्कल केली की तेच सगळ्यांत मोठ्याने हसत.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी दोघांनी फटफटीचं इंजिन उघडलं होतं. सिलिंडर खाली काढून, काजळी खरवडून परत बसवलं. ते चार बोल्टांवर धरलेलं असतं. चाचांनी चारही बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर आणले, आणि पाना उचलायला वळले तर आई दारात उभी. "पानं द्या हिकडं. पुजंला मांडायचीत." खंडेनवमीला हत्यार पूजेत मांडलं की दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, मग ती तलवार असो नाहीतर पाना. चाचा म्हणाले, "वैनी, चार येढं आवळू द्या की." आई म्हणाली, "तलवारीच्या घरातलं तुमी, आन्‌ हे मी सांगायचं व्हय?" चाचांनी हसून पाने दिले. बोल्ट तसेच राहिले, अर्धे ढिले, माना वर काढून.

आईने फटफटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. आत्ती आत चुलीशी होती. ती पूजेच्या वेळी नेहमीच चुलीशी असे. तिला कुणी जा म्हणत नसे, कारण तशी वेळ ती कुणावर येऊ देत नसे. दुपारी पुरणपोळ्या खाऊन घर घोरायला लागलं. मी चिंचा चोरायला मागच्या अंगणात गेले, तर आत्ती मोरीच्या दगडाशी बसून राखेने बोटं घासत होती. घासत होती, बघत होती, परत राख घेत होती. बोटं लालभडक. शेजारी एक वाटी पालथी, आणि तिला आबांच्या त्या तेलाचा वास, गाड्यांच्या रंगात घालतात त्या जवसाच्या. तिने मान वर केली. मी मान खाली घातली. विधवेच्या बोटांना लाल रंग: तो का, हे मला कळायचं वय होतं, आणि गप्प बसायचं असतं हे कळायचंही.

दसरा झाला. चाचांनी चारही बोल्ट डोळे मिटून आवळले. फटफटी उत्तम धावली, आबा रोज रंकाळ्याहून धडधाकट परत आले, आणि आत्तीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा निश्चिंती बघितली. खरं सांगू, हे सगळं मी विसरूनसुद्धा गेले.

थंडी सरता सरता फटफटी धूर ओकायला लागली. इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सरकार मिशा चावत म्हणाले, "शिमग्याला पावणं येणार हायत. त्याआधी फटफटी चालू झाली पायजे. न्हाय झाली तर पुण्याला धाडू, आन्‌ तुला परत बैलांच्या गोठ्यावर." आबांनी पाना लावला. बोल्ट हलेना. दुसऱ्याला लावला. हलेना. चारही तसेच, जसे काही सिलिंडरबरोबर ओतलेले. तिकडे विलायतेत लढाई चाललेली. एक बोल्ट मोडला तर दुसरा कुठून आणणार? आणि मोडलेल्या बोल्टाचा तुकडा आत अडकला म्हणजे इंजिनच गेलं.

आबा घाबरले की ओरडत. त्या दिवशी ते इतके ओरडले की वाड्यातले नोकर गोळा झाले. "इमाम, मर्दा, बोल्ट हाय, बैलगाडीचा आख न्हवं! काय जीव खाऊन आवळलास रं?"

"जेवढा आवळायचा तेवढाच आवळलाय," चाचा म्हणाले. "मला बघू तर दे."

"आता हात लावायचा न्हाय!"

"माझ्या हातानं आवळलेला बोल्ट आजवर अडला न्हाय."

"मग ह्यो कुणी अडवला? माझ्या बानं?"

नोकर हसले. चाचांनी हातातली चिंधी घडी घालून पेटीवर ठेवली आणि निघून गेले. आबांनी सरकारांनाही हेच सांगितलं, की इमामने आवळून आवळून आटे धरवले. दुसऱ्या दिवसापासून इमामचाचा गल्लोगल्ली सहाणेचं चाक घेऊन सुऱ्या-कातरींना धार लावत फिरू लागले. ज्याचे वाडवडील तलवारी उजळायचे, तो आमच्या शेजारणीची विळी घासत होता, आणि शेजारीण विचारत होती, "व्हय ओ, त्ये बोल्ट तुमीच बिघडवलं म्हनं?"

आणि आमच्या घरात खीर शिजू लागली.

घनसाळची. आत्तीने आपलं पोतं सोडलं होतं. पहिल्या दिवशी आईने विचारलं, "आज काय हाय वो?" आत्ती म्हणाली, "किडं लागून चाललाय तांदूळ." पितळी डब्यात भरून तिने माझ्या हातात दिली: "इमामच्या घरला दिऊन ये. चाचीला सांग, पोरांस्नी हाय." दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मला पहिल्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी, आबांनी सळईने खरवडलेल्या बोल्टाच्या मानेतून लाल पूड पडलेली बघितली, तेव्हा कळलं. आबा म्हणाले, "गंज." गंज लाल असतो आणि शेंदूरही लाल असतो, आणि मोरीच्या दगडाशी बसलेली बाई माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. आत्ती कशी सांगणार? नुसतं चुकीचं तेल लावलं एवढंच नव्हतं ते. रिकाम्या कपाळाच्या बाईने पूजेतल्या वस्तूला हात लावला, आणि ती वस्तू बंद पडली. एवढं ऐकल्यावर गल्लीला पुढचं काही ऐकायचीच गरज नव्हती.

आता माझ्या वागण्याचं काय, तर ऐका. मी खीर घेऊन निघायचे, वाटेत महादेवाच्या देवळामागे बसायचे, झाकण काढायचे आणि वरची साय खायचे. मन खात होतं. खोटं कशाला बोलू, पण मन मला खायचं तेव्हा मी खीर खायचे. त्या खिरीसारखी खीर मी पुन्हा खाल्ली नाही. तिच्या चवीत इतक्या माणसांचं दुःख होतं, हे कळूनही ती कडू लागली नाही, याची लाज मला आज वाटते. तेव्हा फक्त भूक वाटायची. घरी मात्र मजा वेगळीच. ताटात जोंधळ्याची भाकरी, खर्डा, आणि नाकात घनसाळ. आबा एकदा घास हातात धरून थांबले. "वास कशाचा येतुया?" आत्ती म्हणाली, "शेजारचा." आबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग भाकरी मोडू लागले.

बोल्टांवर आबांचे उपचार चालूच होते. घासलेट ओतलं, रात्रभर मुरवलं, हातोडीने ठोकलं. गंज असता तर हलला असता. शेवटी एक दिवस ते दोन हात लांबीची लोखंडी नळी घेऊन आले. म्हणाले, "उद्या सकाळी पान्याला ही नळी घालतो आन्‌ अंग टाकतो. सुटला तर सुटला, मोडला तर मोडला." आत्तीच्या हातातून उलथनं पडलं. त्या दिवशी तिने खिरीत बेदाणे घातले.

डबा घेऊन मी चाचांकडे गेले. ते अंगणात चाकावर अडकित्त्याला धार लावत होते. डबा बघून हसले. "शेवंते, ज्या घरानं मला हाकललं, त्या घरातनं मला रोज खीर येतीया. कोण पाठवतंय?"

"आत्ती."

"का गं?"

"मला काय ठावं?"

"बरं, ऱ्हाऊ दे. नक्कल कर बघू. लई दिसांत हसलो न्हाय."

बस्स, एवढंच पुरे होतं. प्रेक्षक म्हटला की माझी अक्कल घरी जायची. मी परकर खोचला. आबा केले, नळी खांद्यावर घेतलेले. सरकार केले. आई केली. चाचा पोट धरून हसत होते, चाची दाराशी पदर तोंडात धरून उभी. टाळ्या मिळाल्या की नट थांबत नसतो. मी आत्ती केली. उकिडवी बसले, खालची मूठभर माती राखेसारखी घेतली, बोटं घासली, बघितली, परत घासली, आणि हळूच मान वर करून चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. मी ते फार सुरेख केलं. मला आठवतंय, करता करताच मला वाटलं, हे सगळ्यांत छान जमलंय.

चाचांचं हसू थांबलं. "परत कर."

मी खुशीने परत केलं.

"कवा बघितलंस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाचांनी चाकावरचा पाय काढला. "बोल की. खंडेनवमीला? पानं पुजंत हुती तवा?"

मी मान हलवली.

"बोटं कशानं लाल? शेंदूर?"

मान.

"तेल कंचं?"

"आबा रंगात घालत्यात ते," मी म्हणाले आणि रडायला लागले.

चाचांनी अडकित्ता खाली ठेवला. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "करडईच्या तेलात कालवला असता तर बोटानं पुसला असता. जवसात कालवला की दगुड. नळवालं सांध्याला ह्येच लावत्यात, पाणी गळू ने म्हनून. वरनं इंजिनाची धग. आन्‌ मी ढिलं बोल्ट आवळलं, आतलं आत घोटून." त्यांनी माझे हात झटकले, माती पुसली. "पोरी, ही नक्कल आता कुणाफुडं करायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नळी घालून पान्यावर अंग टाकणार, तेवढ्यात इमामचाचा मोटारखान्यात येऊन उभे राहिले. सरकारही तिथेच होते. आमच्या घराची खिडकी पागेत उघडायची. तिच्यामागे आई, मी आणि आत्ती.

"थांब," चाचा म्हणाले. "मोडशील. त्यो गंज न्हाय. आवळताना मीच आट्यांस्नी शेंदूर लावलता. जवसाच्या तेलातला. हवा गळू ने म्हनून."

आबा वळले. "तू?"

"व्हय."

"आन्‌ इतकं दीस बोलला न्हाईस?"

"लाज वाटली."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग फळीवरच्या तेलाच्या डब्यांकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी नळी जमिनीवर ठेवली. "काय करायचं ते कर," एवढंच म्हणाले. सरकार मात्र खदाखदा हसले. "इंजिनाचा मारुती केलास की रं!" नोकरही हसले. चाचासुद्धा हसले. माझ्या शेजारी आत्ती उभी होती; ती वळली आणि चुलीकडे गेली.

ते काम मी डोळे भरून बघितलं. आधी चाचांनी पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवायला लावली. भात्यावर सळई लाल केली आणि तिचं टोक बोल्टाच्या डोक्यावर टेकवून धरलं. सळई काळी पडली की दुसरी. जवस जळाल्याचा कडवट वास सुटला, बोल्टाच्या मानेतून धुराची बारीक रेघ निघाली. "तेल जळलं की शेंदराची पूड हुतीया," चाचा म्हणाले. मग लहान हातोडीने टक्‌ टक्‌ टक्‌, दारावर पावणा आल्यासारखं. मग पाना लावला, आणि आबा ओरडले, "आरं, उलटा फिरवतुयास! आवळायला लागलास की!"

"आधी केसभर आवळायचा," चाचा डोळे मिटून म्हणाले. "अडलेल्याला एकदम मागं वढलं की मोडतंय. त्याला आधी वाटू द्यायचं, आपलंच खरं हाय म्हनून. मग मागं." केसभर पुढे, केसभर मागे. थेंबभर तेल. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कधी तरी एक बारीक कुईं असा आवाज आला, मांजराचं पिल्लू दबल्यासारखा, आणि बोल्ट फिरला. दुपार कलेपर्यंत चारही बोल्ट चिंधीवर पडले होते, आट्यांत लाल पूड घेऊन, एकही न मोडता.

चाचा परत कामाला आले. आबांनी नोकरांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, माफी मागितली नाही. आमच्याकडे पुरुष माफी मागत नसत, तंबाखूची चंची पुढे करत. पण "इंजिनाचा मारुती" हे नाव चाचांना चिकटलं ते चिकटलंच. पोरं गल्लीत ओरडायची. प्रत्येक वेळी चाचा हसून हात वर करायचे, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात ती लाल सळई टेकायची. आत्तीची खीर बंद झाली नाही. पोतं संपलं तशी ती साध्या तांदळाची झाली, पण जात राहिली. आता मी वाटेत झाकण काढत नव्हते.

पुढची खंडेनवमी आली. पाने पाटावर मांडले, आईने फटफटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आत्ती चुलीशी. आणि इमामचाचा आमच्या दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आक्का, गेल्या साली मी शेंदराचा घोटाळा केला. माझ्या हाताला त्यो लाभत न्हाय. ह्या साली तुमी लावा. बोल्टास्नी नगं, चाकावर लावा."

आई आबांकडे बघू लागली. आबा उठले, करडईच्या तेलाची वाटी भरली, आणि चुलीपाशी नेऊन आत्तीसमोर ठेवली. "चल आक्का," म्हणाले. तेव्हा माझं लक्ष फळीकडे गेलं. जवसाच्या तेलाचा डबा तिथे नव्हता. तो पार वर माळ्यावर होता, शिडीशिवाय हात पोचणार नाही असा. कुणी ठेवला, कधी ठेवला, मी कुणाला विचारलं नाही.

आत्तीने फटफटीच्या पुढच्या चाकाला शेंदराचं बोट लावलं. पदर सावरून नमस्कार केला. मग ती मागच्या अंगणात आली आणि मोरीच्या दगडावर नुसतीच बसली, लाल बोटं मांडीवर उताणी ठेवून. मी तांब्या आणि राख घेऊन गेले. मनात ठरवून गेले होते: आज सांगायचं, की आत्ती, इमामचाचांना मीच सांगितलं, तुझी नक्कल करून, टाळ्यांसाठी. मी तांब्या वाकवला. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "धुवायची न्हाईत गं. आजचा दीस ऱ्हाऊ देत."

ती इतकी सुखात होती की माझ्याने ते मोडवेना. तांब्यातलं पाणी मी कढीलिंबाच्या बुडात ओतलं आणि आत जाऊन जेवायला बसले. पुढे ती गेली, चाचा गेले, आबा गेले; सगळ्यांच्या नकला मी या म्हातारपणीही करते, पण आत्तीची मला येत नाही असंच सगळ्यांना सांगते.

त्या खंडेनवमीपासून आत्तीने खीर करायची सोडली. आता ती मी करते.